गाव कुठवर?

पेन्शनीत निघाल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "किती हात टोचले असतील हो तुम्ही?" जणू मी डास होतो. मोजले नाहीत, आणि मोजले असते तरी सांगितले नसते. मुरबाड आणि शहापूर, हे दोन तालुके मी पायांनी घासले. कागदावर मी व्हॅक्सिनेटर, गावात ‘देवीडॉक्टर’, आणि मूल किंचाळलं की त्याच्या आईच्या तोंडी ‘तो मेला टोचणीवाला’. तिन्ही नावांना मी ओ देत असे.

धंदा काय होता ते आधी सांगतो, कारण आता कोणाला ठाऊक नसतं. देवीची लस वासराच्या अंगावर तयार करत आणि ती काचेच्या बारीक नळ्यांतून डाकेने आमच्याकडे येई. ऊन लागलं की लस मेली. म्हणून नळ्या ओल्या फडक्यात, फडकं मडक्यात आणि मडकं माझ्या खांद्यावर. दंडावर थेंब ठेवायचा आणि त्यावर सुरीने ओरखडे काढायचे. रक्त वाहता कामा नये, नुसती कातडी लाल व्हायला हवी. आठवड्याने परत जाऊन ‘उठलं’ का ते बघायचं. नसलं उठलं तर पुन्हा सुरी, पुन्हा बोंबाबोंब. एका घरात बाईने पोर भाताच्या कणगीत लपवलं होतं. मी ओटीवर बसून चहा पीत होतो आणि कणगी शिंकली.

हे झालं थंडीतलं काम. उन्हाळ्यात पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली की मडकं ठेवून लाल दवा घेऊन निघायचं. जांभळे खडे असतात, पाण्यात पडले की लाल होतात. बादलीत विरघळवून ते पाणी विहिरीत सोडायचं. विहीर गुलाबी झाली पाहिजे आणि काही वेळ गुलाबी राहिली पाहिजे. लगेच मातकट झाली तर समजायचं की घाण फार आहे, आणखी सोडा. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ती दवा आजारी माणसाला बरं करत नाही. जो अजून पडलेला नाही त्याला वाचवते. हे लोकांना पटवताना माझ्या नाकी नऊ येत.

ह्या मुलखात वाटेवर माणूस दिसला तर त्याचं नाव कोणी विचारत नाही. "कोन गाव?" एवढंच विचारतात. गाव कळलं की तुमची जात, तुमचे सोयरे, तुम्हाला घोंगडी द्यायची की पाणी, सगळं आपोआप ठरतं. मला ते रोज दहा जण विचारत. मी सरकारी माणूस, मला गावच नव्हतं. मी म्हणायचो, "तुमचंच समजा." हसायचे बिचारे.

ज्या गावाची ही हकीकत आहे त्याचं नाव मी सांगणार नाही. मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना आत वळायचं, एवढं पुरे. तिथली नातवंडं आज नोकऱ्यांना लागली आहेत, त्यांना कशाला ओशाळवाणं करा. आपण त्याला नुसतं गाव म्हणू. खाली कुणब्यांची वस्ती, आणि वर डोंगराच्या खांद्यावर ठाकरांची वाडी. लावणीला वाडीची माणसं गावाच्या शेतात, वणवा लागला की गावाची माणसं वाडीच्या रानात. एकाच गावदेवीचे दोघे.

गावाचा पुढारी शिवरामतात्या. अंगाने किडकिडीत, आवाज बारीक, पण बोलला की गाव ऐकायचं. त्याचं कारण असं की आधी तो सगळ्या गावाचं ऐकायचा. देवळापुढे बैठक बसली की शेवटच्या माणसाचं बोलणं होईतो तो तोंड उघडत नसे. ह्या बैठकीला तिथे गावकी म्हणतात. गावकीने ठरवलं की मग मागे-पुढे नाही.

हे मला फार आवडायचं. इथे पहिल्यांदा टोचायला आलो त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका गावी मी शिपाई घेऊन गेलो होतो, वरून हुकूम होता म्हणून. पोचलो तर गाव रिकामं! चुलीवर आंबील खदखदत होती आणि माणूस औषधाला नाही. सगळे रानात पळालेले. शिपायाने एका कोंबडीकडे बोट दाखवून विचारलं, "हिलाच टोचता का?" आणि शिवरामतात्याच्या गावी? तात्याने सदरा काढून पहिला दंड पुढे केला. टोचून घ्यायचं की नाही ह्यावर आदल्या दिवशी गावकीत भांडून झालेलं होतं. सकाळी आया पोरं कडेवर घेऊन ओळीत उभ्या. तेव्हापासून मी साहेबांना सांगत सुटलो होतो की शिपाई नको, गावाच्या हातात द्या. लोकांचं काम लोकच नीट करतात. आजही माझं मत तेच आहे, फक्त ते आता घशाखाली सुखाने उतरत नाही.

त्या वर्षांत वरूनही तसंच वारं सुटलं होतं. गावचा कारभार गावाने करावा, पंचांना अधिकार द्यावेत वगैरे. आमच्या कामापुरतं असं ठरलं की साथ आली तर लाल दवा गावाकडेच ठेवायची, विहिरी पंचांनी बघायच्या, आणि वाट बंद करायची की नाही तेही पंचांनीच ठरवायचं. मी तर हरखून गेलो. एवढ्या डोंगरांत मी एकटा कुठे कुठे मरणार होतो? तात्याला बाटली दिली, खडे किती घ्यायचे, रंग कसा बघायचा ते शिकवलं. म्हटलं, "तात्या, गावातल्या सगळ्या पाण्यात टाका. एकही सोडू नका."

"एकबी सोडत नाय," तात्या म्हणाला. आणि त्याने शब्द पाळला, हे मी शपथेवर सांगेन.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालायला लागल्या, म्हणून रानात जिथे तिथे कोळशाच्या भट्ट्या लागल्या. वाडीचे बापये शहापूरच्या बाजूला भट्ट्यांवर गेले होते. तिथे उन्हाळ्यात प्यायला काय, तर ओढ्यातलं उरलंसुरलं डबकं. पटकी तिथेच लागली. मी त्याच बाजूला होतो, डोंगराकडच्या पाड्यांतून विहिरी लाल करत फिरत होतो. भट्टीवरची माणसं घराकडे पळाली असं कळलं तेव्हा लगेच निघालो. रस्त्याने वळसा घालून जाण्यापेक्षा डोंगर चढून पलीकडे उतरलो. त्यामुळे गावाच्या आधी वाडी लागली.

वाडीत काय बघितलं ते सगळं लिहीत नाही, सणाच्या अंकात ते शोभायचं नाही. कुडाच्या भिंतीमागे माणसं पडली होती आणि त्यांना पाणी द्यायला जी उठत होती तीही मग पडत होती. पाणी म्हणजे वाडीच्या कुशीतलं दगडातलं कुंड. सगळे त्याच्यातच भांडी बुडवत होते. माझ्या पिशवीतली दवा शहापूरकडेच संपलेली. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "खालून तात्याने दवा नाही पाठवली?"

तो म्हणाला, "बुधी गेलीया आनाया. सकालची गेलीया."

बुधी ही वाडीची सुईण. नुसती वाडीची नव्हे, खालच्या गावाचीही. त्या गावात तिच्या हातांतून न आलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. दणकट बाई, जिभेला हाड नाही. मला म्हणायची, "मी सोडवतंय आनि तू टोचतंस. पोरांना वाटत आसल, का आलाव या जगात!" तिच्या मुलाची दोन पोरं होती. थोरला आदल्या दिवशी पडला होता. धाकटी ठकी मला अंगणात दिसली, कुंडाच्या वाटेवर चिंचोके खेळत बसलेली. टोचणीवाला बघून घाबरली आणि उठून आत पळाली. बुधी दवा आणायला गेली होती ती ह्या ठकीसाठी.

मी धावतच उतरलो. शिवेवर आलो तर वाटेवर आडवी दोरी, तिला लिंबाचे टहाळे बांधलेले, खाली नारळ फोडलेला. पलीकडे काठ्या घेऊन गावची चार जवान पोरं. अलीकडे झाडाखाली बुधी, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली.

"कोन गाव?" एकाने लांबूनच ओरडून विचारलं.

"अरे गाढवा, तुझा दंड टोचलाय मी! पांडू ना तू?"

"वळखलं, डॉक्टर," पांडू खाली बघत म्हणाला. "पन तुमी वाडीवरनं आलाव. मंग तिकडंच थांबा. तुमीच सांगितलं व्हतं, वाट बंद केली का कुनाला सोडायचा नाय."

कपाळ माझं! मी दिलेला अधिकार माझ्याच छातीवर काठी टेकवून उभा. मी म्हटलं, "मला नका सोडू. बाटली द्या. वाडीला दवा का नाही गेली?"

"दवा गावची हाय ना," पांडू म्हणाला. त्याच्या बोलण्यात आडमुठेपणा नव्हता, हे सांगायला हवं. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. "तुमी म्हनलाव, गावातल्या पान्यात टाका. समद्या हिरींत टाकली. वाडी काय गाव हाय?"

मी ‘गाव’ म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कागदावरचं गाव होतं, वाडीसकट, रानासकट, शिवेपर्यंत. त्यांच्या कानांवर पडलं ते त्यांचं गाव. तिथे बाई वाडीवरून खाली यायला निघाली की म्हणते, "गावात जातंय." जिथे जायचं ते गाव, आणि जिथून निघायचं ती वाडी. शब्द एकच, आणि त्याच्या मधून ती दोरी गेलेली.

बुधी बसल्या जागेवरून म्हणाली, "पांडू, तुजी नाल मी कापली रे. तुज्या आयशीनं तीन दीस कल काढली व्हती. तवा वाडी गावात व्हती का नव्हती?"

पांडूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण काठी हलली नाही. तो तात्याला बोलवायला गेला.

तात्या आला आणि दोरीपासून लांब उभा राहिला. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. मी सगळं एका दमात ओकलो. तो म्हणाला, "डॉक्टर, गावकीनं गावदेवीम्होरं शपथ घेतलीया. माणूस नाय, वस्तू नाय, कायबी शीव वलांडनार नाय. माजी लेक परवा टोकावड्यावरनं आली, काखंत पोर घेवून. हितनंच मागारी लावली मी तिला. ती रडत गेली. आता मीच मोडली तर कोन पालंल?"

"तात्या, बाटली दगडावर ठेवायची आणि मागे व्हायचं. एवढंच मागतोय."

"मला एकट्याला ठरवता यायचं नाय. बैठक बसवतो."

बैठक बसवली! मला राग असा आला की दोरी तोडून जावं. पण ज्या गोष्टीसाठी मी त्या गावाचं कौतुक करत हिंडत होतो तीच ती गोष्ट होती. शेवटच्या माणसाचं बोलणं होईपर्यंत तात्या तोंड उघडायचा नाही. दुपार उलटली. देवळाकडून बोलण्याचा आवाज यायचा, वाढायचा, कमी व्हायचा. कोणी वाईट माणूस तिथे नव्हता. कोणी म्हणत असेल द्या, कोणी म्हणत असेल उद्या आपल्या विहिरी पुन्हा लाल करायला लागल्या तर? आपल्या पोरांना काय पाजायचं? ज्याच्या घरात पोर आहे त्याने हे बोलणं चूक आहे असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

बुधी उठली नाही की ओरडली नाही. एकदाच मला म्हणाली, "देतील. माजीच पोरं हायत ती."

आणि दिली. उन्हं कलल्यावर तात्याने स्वतः येऊन अर्धी बाटली दगडावर ठेवली. म्हणाला, "समद्यांनी हो म्हनलं, बुधे. एकबी नाय म्हनला नाय." ह्या गोष्टीचा त्याला अभिमान वाटत होता. एकही माणूस न फुटता गावाने निर्णय घेतला होता.

आम्ही चढलो. ती माझ्यापुढे, जवळजवळ पळत. अंगणात चिंचोके तसेच पडले होते. ठकी आत आईच्या मांडीवर होती, डोळे खोल गेलेले, ओठ निळे. सकाळी खेळत होती हो! पटकी अशीच असते, लहान पोराला ती दिवस देत नाही. थोरला नातू त्या संध्याकाळी गेला आणि ठकी त्याच्या पाठोपाठ.

मी कुंडात दवा सोडली. पाणी रक्तासारखं लाल झालं आणि वाडीतल्या बायका किंचाळून मागे सरल्या. कोणी भांडं बुडवेना. त्यांना कोण समजावणार, मला त्यांची बोली धड येत नव्हती. तेव्हा बुधी बाहेर आली. ओंजळ भरून सगळ्यांसमोर ती प्यायली. हनुवटीवरून लाल पाणी ओघळलं, ते पुसलंही नाही. मग बाकीचे प्यायले. त्या पाण्याने पुढची माणसं वाचली, आणि ती सगळी बुधीची कोणीतरी होती, फक्त घरची नव्हती.

पावसानंतर वरचे साहेब गावाला आले. सगळीकडे साथीने दाणादाण उडवली होती आणि हे एक गाव कसं राहिलं ते त्यांना बघायचं होतं. देवळापुढे खुर्ची मांडली. साहेबांनी विचारलं, "गावात किती दगावले?"

तात्या हात जोडून म्हणाला, "एकबी नाय, साहेब."

तो खोटं बोलत नव्हता. साहेब खूश झाले, म्हणाले की बघा, लोकांच्या हातात कारभार दिला की असं होतं. मी मागून म्हटलं, "साहेब, वाडीत घरंच्या घरं बसली." साहेब चमकले. "वाडी? ती ह्याच गावात येते ना?"

सगळं गाव तात्याकडे बघायला लागलं. "येतीया," तो म्हणाला. मग थांबला. "म्हंजे... नाय, साहेब." आणि त्याने मान जी खाली घातली ती साहेब उठेपर्यंत वर केली नाही. तिथे हार आणला होता, तो कोणी घातलाच नाही.

मी पुढच्या वर्षी कचेरीत वाडीसाठी वेगळी बाटली मागितली. कारकून म्हणाला, "वेगळी कशाला? गावाला दिलीय की." मी हात टेकले. त्याला ‘कोन गाव?’ कोणी कधी विचारलंच नव्हतं. मग मीच एक बाटली दोन बाटल्यांत ओतून नेत असे, आणि दुसरी वर स्वतः पोचवत असे. वाडीनेही तोवर आपली बैठक सुरू केली होती. त्यांनी कुंडाला दगडांचा कठडा केला, भांडं बुडवायचं नाही असं ठरवलं, आणि वाटेवर आपली दोरी बांधली. ऐनाच्या डहाळ्या लावलेली. गावाच्या दोरीच्या वर, दुसरी. लावणीला वाडीची माणसं यायचं बंद झालं. ती शहापूरकडे जाऊ लागली. वणवा लागला तेव्हा गाव चढलं नाही. साथीने जे मारलं ते मारलंच, हे वेगळं.

नंतरच्या एका थंडीत मी गावात पोरं टोचत बसलो होतो. तात्या आला. सून अडली होती, पोर आडवं होतं, मुरबाड बैलगाडीने लांब. मला म्हणाला, "वर चला माज्यासंगट."

"तात्या, मला बाळंतपणातलं ओ की ठो कळत नाही."

"त्यासाठी नाय. मला एकट्याला जायाला तोंड नाय."

आम्ही चढलो. वाडीच्या दोरीपाशी तो थांबला, मुंडासं काढून हातात घेतलं. दोरी त्याने ओलांडली नाही. त्या बाबतीत तो शेवटपर्यंत पक्का. कोणीतरी बुधीला सांगितलं. ती आली, दोरीपलीकडे उभी राहिली. ह्या माणसाच्या घरी तिने त्याची सगळी पोरं हातात घेतली होती. तिने त्याला खालून वर बघितलं आणि विचारलं, "कोन गाव?"

तात्या अगदी बारीक आवाजात म्हणाला, "वाडीच्या खालचा, बुधे."

ती आत गेली, आपलं गाठोडं घेऊन आली आणि आमच्यापुढे चालू लागली. दिवस मावळायच्या आत तात्याची सून मोकळी झाली. मुलगी झाली, धडधाकट, रडली तर देवळापर्यंत आवाज. घरात हसू आलं. बुधी हात धुऊन ओटीवर येऊन बसली, घामाने निथळत होती, घसा कोरडा पडला होता हे दिसत होतं. तात्याच्या बायकोने लखलखीत तांब्या भरून आणला, विहिरीच्या ताज्या पाण्याचा. मीच सकाळी ती विहीर बघितली होती. सबंध तालुक्यात तसं स्वच्छ पाणी नव्हतं.

बुधीने तांब्या हाताने हळूच बाजूला केला.

"पी गो," तात्याची बायको रडकुंडीला येऊन म्हणाली. "चांगलं हाय पानी."

"चांगलं हाय, ठावं हाय मला," बुधी उठत म्हणाली. "पन ते गावचं हाय."